सिस्टरचं राहिलेलं आमेन

"असा सोपा खड्डा मी जल्मात खनला नाय," असं म्हणत दत्ताराम वर आला आणि पंच्याने तोंड पुसत माझ्याशेजारी बसला. मी घड्याळ बघितलं. पंचावन्न मिनिटं झाली होती. रत्नागिरीत राहणाऱ्या कोणालाही हे सांगून खरं वाटणार नाही. आमच्याकडे वीतभर माती, की खाली जांभा. त्यात ख्रिस्ती लोकांची दफनभूमी तर अशा उघड्या कातळाच्या सड्यावर आहे की तिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं. एक कबर खणायची तर पहारी, छिन्न्या, चार माणसं आणि दीड दिवस. माझ्या शेजारच्या हन्ना सिस्टरचं मात्र तासाच्या आत झालं, कारण त्यांनी ते काम दोन वर्षांपूर्वीच उरकून ठेवलं होतं.

त्या वेळी त्यांची थोरली बहीण एस्तेरबाई नव्वदाव्या वर्षी गेली होती. तिला आमची सगळी आळी आक्का म्हणायची. मे महिन्याचं ऊन, आक्का घरात बर्फाच्या पेटीत, चर्चचे पाळकसाहेब दुसऱ्या गावाहून निघालेले, आणि इकडे दफनभूमीत हन्ना सिस्टर एका चिऱ्यावर छत्री उघडून बसलेल्या. पहिला खड्डा अर्धा झाल्यावर त्यांनी दत्तारामला हाक मारली आणि सांगितलं, बाजूला अजून एक घे.

"बाय, दुसरा कुनासाठी?"

"माझ्यासाठी."

"कायतरीच काय बोलताव! जित्या मानसाचा खड्डा खनू काय मी?"

"दत्ताराम, तुझं वय काय?"

"साठ झाली असतील."

"मी त्र्याऐंशीची. मी जाईन तेव्हा तुझ्याने हा कातळ फुटायचा नाही, आणि तुझे मुलगे तर मुंबईला. आत्ता हात चालतायत तोवर दोन्ही फोडून टाक."

दत्तारामने माझ्याकडे बघितलं. दुसरा खड्डाही फुटला. मग त्यात भुसभुशीत माती भरली आणि वर सिस्टरनी अबोलीची रोपं लावली. पुढची दोन वर्षं दर रविवारी त्या जाऊन दोन्हीकडे पाणी घालायच्या. "हे आक्काचं आणि हे माझं," असं त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा खिडकीतून रुमाल टाकून गाडीत जागा धरलेल्या माणसाचा जो समाधानी चेहरा असतो, तो त्यांचा होता. तसले चेहरे मी हजारोंनी बघितलेत. मी पस्तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होतो. पावस, गणपतीपुळे, लांजा, राजापूर, सगळ्या गाड्या भोंग्यावरून पुकारल्या. त्यामुळे माझा आवाज अजून गरजेपेक्षा मोठा आहे आणि मला दर थोड्या वेळाने घड्याळ बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

अशा सगळं आधी उरकून ठेवणाऱ्या बाईचं एकच काम राहिलं होतं. एक शब्द म्हणायचा होता, आमेन. तो त्यांच्याच्याने दोन वर्षं निघाला नाही, आणि तो न म्हणताच त्या जातील अशी मला शेवटी शेवटी फार भीती वाटायला लागली होती. माझा त्या शब्दाशी काही संबंध नाही. माझ्या घरात गणपती येतो, आणि तो गेल्यावर अकरा महिने मी देवाला आणि देव मला फारसा त्रास देत नाही. पण ती भीती खरी होती.

आमच्या दोन घरांमध्ये जांभ्याचा गडगा आहे, छातीएवढा. त्यांचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांनी ते घर बांधलं. आक्का शाळेत मास्तरीण, धाकटी नर्स. दोघींनीही लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. संध्याकाळी सात वाजता त्यांच्या ओटीवरच्या दोन वेताच्या खुर्च्यांतून वाचन सुरू व्हायचं. सात म्हणजे सात. माझ्या गाड्या उशिरा सुटल्या असतील, त्यांचं वाचन नाही.

ते वाचन कसं चालायचं हे नीट सांगायला पाहिजे. शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, रोज एक अध्याय. त्यातलं पहिलं वचन आक्का वाचणार, दुसरं सिस्टर, तिसरं आक्का, चौथं सिस्टर. आक्का सावकाश, मागच्या बाकावरच्या पोरांपर्यंत पोचेल असं वाचायची. सिस्टर भरभर, औषध घशाखाली उतरवल्यासारखं. अध्यायातलं शेवटचं वचन जिच्याकडे येईल तिने ते वाचायचं आणि दुसरीने आमेन म्हणायचं. वडील असल्यापासूनची पद्धत. शेवटचं वचन आक्काचं असलं की ती आधी घसा खाकरायची, मग दुप्पट सावकाश वाचायची, आणि सिस्टरचं आमेन ते वचन पुरतं संपायच्या आत येऊन पडायचं. मग आक्काचा आवाज: "हन्ने, थांब गो जरा. देवाला तरी ऐकू दे." हे मी गडग्याच्या अलीकडून तीस वर्षं ऐकलं. सगळं पुस्तक रोज एक अध्याय धरून संपवायला सव्वातीन वर्षं लागतात हा हिशोब मी एकदा मांडून दाखवला तर सिस्टर म्हणाल्या, "आमची अकरावी फेरी चालू आहे."

सिस्टरना भेटलं की त्या आधी मनगट पकडायच्या. नमस्कार नाही, काय कसं काय नाही. रस्त्यात, मासळीबाजारात, कोणाच्या लग्नात. पदराला टाचलेलं घड्याळ बघत अर्धा मिनिट नाडी मोजायची, मग हात सोडून म्हणायचं, "चालू आहे." एवढंच. सरकारी दवाखान्यातून रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली तरी सवय गेली नाही. एकदा कलेक्टर कचेरीतला कोणी मोठा साहेब आळीत पाणीटंचाई बघायला आला होता, त्याचंही मनगट त्यांनी पकडलं आणि "जरा जोरात चाललीय, जिना चढू नका," असं सांगून मोकळ्या झाल्या. साहेबांनी पुढच्याच आठवड्यात तपासणी करून घेतली असं त्यांचा ड्रायव्हर सांगत होता.

आमच्याकडे गणपतीत मोदक व्हायचे तेव्हा माझी बायको सुमन पहाटे एक छोटा घाणा वेगळा करायची. त्याचं सारण वेगळ्या पातेल्यात, उकड वेगळी. ते अकरा मोदक नैवेद्याच्या ताटाकडे न बघता थेट गडग्यावरून पलीकडे जायचे, कारण सिस्टर आणि आक्का देवापुढे ठेवलेलं खात नसत. हे त्या दोघींनी पहिल्या वर्षीच स्वच्छ सांगितलं होतं. मला त्याचा राग आला होता. सुमनला आला नाही. ती म्हणाली, "पथ्य असतं हो एकेकाचं." नाताळात पलीकडून करंज्या यायच्या, त्यांत जायफळ जास्त असायचं, आणि सुमन त्या आवडीने खायची. सुमनला जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्यानंतरच्या पहिल्या गणपतीत मी बाजारातून मोदक आणले आणि त्यातले अकरा वेगळे काढून गडग्यावर ठेवले. सिस्टर ते बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सुर्वे भाऊ, हे नका करू. मला रडू येतं." आणि मनगट न पकडता आत निघून गेल्या.

त्यांचं चर्च लहान. पूर्वी तीस-चाळीस घरं होती म्हणतात, पण मुलं पुण्यामुंबईला गेली, मग आईबापही गेले. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. उरलेल्या रविवारी सिस्टर आणि आक्का कुलूप काढायच्या, झाडून घ्यायच्या आणि घंटा वाजवायच्या. पाच-सहा माणसं जमली तर जमली. आक्का गेल्यावर एका रविवारी मी त्यांना रिक्षाने तिथे सोडायला गेलो तर आत कोणीच नव्हतं. तरी त्यांनी घंटा वाजवली, दोन हातांनी दोर ओढून, चांगली दहा-बारा वेळा.

"कोणी येणार आहे काय?" मी विचारलं.

"नाही. पावलूस तापाने पडलाय, आणि शीलाकडे पाहुणे."

"मग वाजवली कशाला?"

"जे येत नाहीत त्यांना कळायला नको, की इकडे चालू आहे म्हणून?"

मग त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. बाकावर उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून. मी दाराशी पायरीवर बसून राहिलो. सगळ्या रिकाम्या बाकांमध्ये एकच पांढरा अंबाडा बघणं मला जड गेलं.

आक्का गेली ती दुपारी, पेज पिऊन आडवी झाल्यावर. सिस्टर तिचं मनगट धरून बसल्या होत्या. मला हाक मारली तेव्हा मी गडग्यावरून उडी मारायचा प्रयत्न केला आणि गुडघा फोडून घेतला, म्हणून फाटकातून गेलो. सिस्टर तशाच बसलेल्या. मी म्हटलं, "सिस्टर, डॉक्टरना बोलावू?" तर म्हणाल्या, "तीन वाजून दहा मिनिटांनी थांबली." तेव्हा पावणेचार झाले होते. हात सोडला नव्हता.

"किती जणांचे हात सोडलेत मी, सुर्वे भाऊ," त्या म्हणाल्या. "सोडायचे, चादर ओढायची, वेळ लिहायची. हिचा सोडवत नाही हो मला."

शेवटी मीच तो हात हळूच सोडवला.

दफनानंतर घरी माणसं आली. पाळकसाहेबांबरोबर आलेले एक गृहस्थ सिस्टरना पुन्हा पुन्हा सांगत होते, आक्का चांगल्या जागी गेली, आपल्याला आशा आहे, मग आपण रडायचं नाही. सिस्टरनी त्यांना चहा दिला. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा ते म्हणाले तेव्हा कप खाली ठेवून म्हणाल्या, "प्रभू स्वतः मित्राच्या कबरेशी रडला ना? आणि त्याला तर माहीत होतं की पाच मिनिटांत त्या मित्राला मेलेल्यातून उठवायचंय. मला तर किती वर्षं थांबायचंय तेही माहीत नाही. मला रडू द्या की." ते गृहस्थ चहाकडे वळले. मला मनातल्या मनात फार बरं वाटलं. सुमनच्या वेळी मलाही असेच सांगणारे भेटले होते, फक्त त्यांचे शब्द वेगळे होते, आणि मी त्यांना नुसता चहाच देत राहिलो होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी माझ्या ओटीवर बसलो होतो. पलीकडून काही ऐकू येणार नाही असं धरूनच बसलो होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग सिस्टरचा आवाज, भरभर, एक वचन. मग पुन्हा शांतता. पुन्हा एक वचन. मला वाटलं, बाईंचा तोल गेला. मी गडग्याशी जाऊन बघितलं. त्या आपल्या खुर्चीत, पुस्तक मांडीवर. आक्काची खुर्ची समोर, रिकामी, तिच्या पाठीला आक्काची शाल. आक्काच्या वाट्याचं वचन आलं की सिस्टर खुर्चीकडे बघत तेवढा वेळ गप्प बसत होत्या आणि मग आपलं वाचत होत्या. अध्याय संपला. आक्काचं शेवटचं वचन होतं बहुतेक. मी आमेनची वाट बघत राहिलो. सिस्टरनी पुस्तक मिटलं, खुर्ची सरकवली आणि आत गेल्या.

महिना झाला, दोन महिने झाले, आमेन नाही. ज्या दिवशी ते आक्काने म्हणायचं असेल त्या दिवशी नाही हे मी समजू शकत होतो. पण सिस्टरच्या पाळीलाही नाही. शेवटी मी एकदा विचारलंच. बरोबर केलं नाही, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वॉर्डात पारा बघितल्याशिवाय मी कधी ताप लिहिला नाही. आमेन म्हणजे काय? ऐकलं, तसंच होवो. मी ऐकलंच नाही तर कसलं आमेन म्हणू?"

"पण तुमचा विश्वास..."

"विश्वास आहे! आक्का प्रभूपाशी आहे यात मला काडीची शंका नाही. मी तिला भेटणार यातही नाही." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "पण मला ती संध्याकाळी सात वाजता पाहिजे असते, आणि त्या वेळी ती नसते. विश्वासाने कान भरत नाहीत, सुर्वे भाऊ. खोटी सही मी करायची नाही."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. मला त्यांचा हेवा वाटायचा, खरं सांगतो, आणि थोडा रागही यायचा. त्यांच्याकडे भेटीचं आश्वासन होतं. माझ्याकडे सुमनचे दिवस केल्याची आठवण आणि भिंतीवरचा फोटो. आणि तरीही गडग्याच्या दोन्ही बाजूंना संध्याकाळ सारखीच जात होती.

पुण्याला त्यांची भाची आहे, भावाची मुलगी. ती दर आठवड्याला फोन करून म्हणायची, आत्या, इकडे या. सिस्टर म्हणायच्या, "फेरी संपू दे, मग बघू." भाचीला वाटायचं म्हातारी टाळते. पण सिस्टरनी टाळलेलं मी कधी बघितलं नाही. त्यांनी फक्त क्रम ठरवलेला असायचा.

मग त्यांचे डोळे गेले. पडद्याचा काही आजार. नजरेच्या मधोमध काळा डाग, कडेने तेवढं दिसायचं. माणूस ओळखायचा तर मान वळवून तिरकं बघायच्या, कावळ्यासारखं, असं त्याच म्हणायच्या. चालायला अडत नव्हतं, भात लावायला अडत नव्हतं. वाचता मात्र येईना. भिंग आणलं, मोठा दिवा आणला, काही उपयोग झाला नाही. दोन संध्याकाळी पलीकडे काहीच ऐकू आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गडग्याशी आल्या.

"सुर्वे भाऊ, संध्याकाळी सातला तुम्ही काय करता?"

"काही नाही. बातम्या बघतो."

"बातम्या नंतर बघा. शास्त्रातलं शेवटचं पुस्तक राहिलंय, बावीस अध्याय आहेत. मला बावीस दिवस द्या."

मी गेलो. पहिल्याच पावलाला चूक केली, आक्काच्या खुर्चीत बसायला निघालो. "तिथे नको," म्हणून त्यांनी मला स्टूल दाखवलं. पुस्तक उघडून मी पहिलं वचन वाचलं, आणि मी वाचलं म्हणजे काय, पस्तीस वर्षांच्या सवयीने पुकारलं. सिस्टरनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अहो, हळू! गाडी सुटत नाहीय. आणि ते एक आहे. एक आक्काचं. तुम्ही दोनपासून."

"मग एक कोण वाचणार?"

"ते तिचं ती बघेल. तुम्ही माझा चष्मा. दोन मला हळू आवाजात सांगायचं, मी म्हणेन. तीन आलं की गप्प."

मी गप्प बसलो. पण किती वेळ गप्प बसायचं हे कळण्यासाठी आक्काचं वचन मला मनात वाचावं लागायचं. तेही सावकाश, आक्काच्या चालीने. एकदा माझे ओठ हलले असतील, तर तिरक्या नजरेने बघून म्हणाल्या, "तोंड मिटा." त्या पुस्तकात सात डोक्यांची श्वापदं आहेत, तुताऱ्या आहेत, घोडे आहेत. एकाआड एक वचन वाचलं की त्या श्वापदांची शेपटी आपल्या वाट्याला येते आणि शिंगं दुसऱ्याकडे राहतात. मी एकदा अर्थ विचारला. "मलाही सगळं कळत नाही," त्या म्हणाल्या. "हे आक्काला छान सांगता यायचं." दोघंही जरा वेळ खुर्चीकडे बघत राहिलो.

एकविसाव्या दिवशीचा अध्याय मी विसरणार नाही. त्यात पुढे येणाऱ्या दिवसांविषयी आहे. देव माणसांच्या डोळ्यांतलं पाणी पुसेल, मरण म्हणून राहणार नाही, अशा अर्थाचं एक वचन आहे. ते चौथं, म्हणजे सिस्टरचं, म्हणजे मी सांगायचं. मी सुरुवात केली आणि मरण या शब्दाशी माझा आवाज गेला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच गेला. मला सुमनच्या पायातलं जोडवं आठवलं. दवाखान्यात काढून त्यांनी ते माझ्या हातात दिलं होतं. मी त्या वचनावर विश्वास ठेवत नाही, मग मला काय झालं होतं कोण जाणे. सिस्टरनी चाचपडत माझं मनगट धरलं. घड्याळ दिसत नव्हतं म्हणून तोंडाने आकडे मोजत बसल्या. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "चालू आहे." मग ते वचन त्यांनी पाठ म्हटलं. त्यांना ते पाठ होतं. मला वाटतं, त्यांना सगळंच पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला. फेरी संपतेय, उद्या ये, असं सिस्टरनीच तिला सांगितलं. पुण्याला डोळ्यांचा मोठा डॉक्टर होता, भाचीचं घर तळमजल्यावर होतं, सगळं रीतसर होतं. पुण्याला तीन आठवडेच त्या राहिल्या, तिथेच वारल्या आणि ॲम्ब्युलन्सने परत आल्या, आपल्या राखून ठेवलेल्या जागेकडे. त्या निघाल्या त्या सकाळी मी फाटकाशी होतो, पण बॅगा, औषधं, किल्ल्या, या गडबडीत मी त्यांना धड बघितलंसुद्धा नाही. मी त्यांना शेवटचं बघितलं असं ज्याला म्हणतो, ते आदल्या संध्याकाळी.

शेवटचा अध्याय एकवीस वचनांचा आहे. मी आधीच पान उघडून बघून ठेवलं होतं. एकवीस म्हणजे आक्काचं. म्हणजे सगळ्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य त्या रिकाम्या खुर्चीकडे जाणार होतं, आणि त्यावरचं आमेन सिस्टरकडे. आजवर आमेन राहिलं तरी दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय असायचा, गाडी पुढे जायची. आता पुढे अध्याय नव्हता, आणि उद्या त्या या ओटीवर नसणार होत्या. मी स्टूल जरा पुढे ओढून बसलो.

सात वाजले. वाऱ्याला भाट्याच्या खाडीच्या बाजूचा खारट वास होता. एकेक वचन मी हळू सांगत गेलो, त्या म्हणत गेल्या. नेहमीसारख्या भरभर नाही. विसावं वचन आलं. त्यात प्रभूला ये म्हणून हाक आहे. ते मी सांगायच्या आधीच त्यांनी म्हटलं, आणि ये हा शब्द अशा आवाजात म्हटला की मी पुस्तकातून मान वर काढली. त्यांचं तोंड खुर्चीकडे होतं.

मग शांतता. एकविसावं वचन एका ओळीचं आहे. माझ्या डोळ्यांसमोर ते छापलेलं होतं. मी ते म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं आणि आमेन म्हणायला मोकळ्या झाल्या असत्या. मला तो मोह झाला. इतकं सोपं होतं ते. माझ्याच आवाजाने पस्तीस वर्षं माणसं इकडून तिकडे गेली होती. पण त्यांनी मला चष्मा म्हणून बोलावलं होतं, आणि चष्म्याने बोलायचं नसतं. मी दात घट्ट मिटून बसलो.

सिस्टरनी हात पुढे केला. चाचपडत आक्काच्या खुर्चीचा हात शोधला आणि त्या वेतावर तीन बोटं ठेवली, मनगटावर ठेवतात तशी. मान एका बाजूला कलली. ओठ हलले नाहीत, म्हणजे त्या मोजत नव्हत्या. पलीकडच्या आळीत कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. एक स्कूटर चढावर आली आणि गेली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, कारण मी घड्याळ बघितलं नाही. असं माझ्याकडून आयुष्यात पहिल्यांदा झालं.

एकदा त्यांचा चेहरा जरासा हलला. कोणी घसा खाकरला की ऐकणारा सावरून बसतो, तशा त्या सावरून बसल्या. मला काही ऐकू आलं नाही. मी शपथेवर सांगतो, मला काही ऐकू आलं नाही. त्या मात्र थांबल्या, पुरतं ओळभर थांबल्या, घाई न करता, शेवटचा शब्द संपेपर्यंत.

"आमेन," सिस्टर म्हणाल्या.

ऐकू आलं काय, असं विचारायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. पुस्तकही मिटलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. फाटकातून बाहेर पडून गडग्याच्या या बाजूला आल्यावर मी एकदा वळून बघितलं. अंधार पडायला आला होता आणि त्यांनी दिवा लावला नव्हता. त्या तशाच बसल्या होत्या, थोड्या पुढे वाकून, आणि खुर्चीवरचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.